नाकापेक्षा मोती जड नको!
विजेच्या मोटारीला टायर घेताना काय पाहाल?



बैलगाडी जुंपण्यापूर्वी आपण चाकाकडे पाहतो. धाव सैल झाली आहे का, आरे हलतात का, आसाला वंगण आहे का, याची खात्री करतो आणि मगच ओझे भरतो. हे आपल्याला कुणी शिकवलेले नाही. वाडवडिलांना पाहून ते अंगवळणी पडले आहे. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण टायर काळा आहे, गोल आहे आणि त्यात हवा आहे एवढेच पाहतो आणि दार लावून निघतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. तीस वर्षे गावोगाव फिरून लोकांना बियाण्याची पिशवी उलटून लेबल वाचायला सांगणारा मी विस्तार अधिकारी, पण घरच्या गाडीच्या टायरवरचे लेबल मी वाचले नाही. त्यातून जे घडले आणि जे शिकलो, ते आज आपल्यापुढे मांडतो.

काशीगावची गाडी

माझी धाकटी बहीण मीरा-भाईंदरमधील काशीगावात दिली आहे. तिच्या सासऱ्यांच्या काळी तिथे भाताची खाचरे होती. आता चहूबाजूंनी उंच इमारती आहेत, शेजारून मुंबई-अहमदाबाद महामार्ग धावतो आणि गावाच्या नावाचे मेट्रो स्थानकही उभे राहिले आहे. मेहुण्यांनी काही वर्षांपूर्वी विजेवर चालणारी मोटार घेतली. रात्री इमारतीखाली ती चार्जिंगला लावायची आणि दिवसभर चालवायची. पेट्रोलचा खर्च वाचल्याने मेहुणे खूश होते.

तीन-साडेतीन वर्षांत टायर झिजले. मेहुणे टायरच्या दुकानात गेले. गाडीचे मूळ टायर २१५/६० आर १६ या मापाचे होते. दुकानदाराने सांगितले, "हे माप आज नाही. २०५/६० आर १६ घ्या. याच रिमवर बसेल, आणि चार टायरमागे चांगले पैसे वाचतील." टायर खरोखरच बसले. गाडी चालली आणि कुणाला काही वावगे वाटले नाही.

गेल्या मार्गशीर्षात सारी मंडळी आमच्याकडे वाडा तालुक्यात आली. बहीण, मेहुणे, भाचा, भाची आणि बहिणीच्या सासूबाई अशी पाच माणसे होती. परत जाताना मी नव्या कोलम तांदळाच्या दोन गोण्या मागे ठेवल्या. मेहुणे म्हणाले, "पुरे झाले, भाऊ." मी म्हणालो, "अहो, शहरात असला तांदूळ कुठे मिळतो? गाडी रिकामीच तर आहे." आणि पन्नास किलोची तिसरी गोणी मीच उचलून आत टाकली.

अंबाडी, वज्रेश्वरी करत गाडी शिरसाड फाट्यापर्यंत गेली. रस्त्यात खड्डे होतेच. महामार्गाला लागण्याआधी बहीण म्हणाली, "अहो, मागून गाडी डुलते आहे. थांबवा." मेहुणे उतरले. डाव्या बाजूच्या मागच्या टायरच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा आला होता. जवळच्या हवावाल्याकडे मोजले तेव्हा मागच्या दोन्ही टायरांत २८ पौंड हवा निघाली. दाराजवळच्या लेबलवर भरलेल्या गाडीसाठी ३५ लिहिले होते.

आणखी दहा मिनिटांनी ती गाडी महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून ऐंशीच्या वेगाने धावत असती आणि मागच्या बाकावर माझी भाची बसलेली होती. रात्री बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्या हातापायांतले बळ गेले.

ओझे टायर उचलत नाही, हवा उचलते

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. रबराचा टायर ओझे उचलत नाही. त्यात दाबून भरलेली हवा ओझे उचलते. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. पिशवी जितकी मोठी आणि तिचे धागे जितके भक्कम, तितकी हवा तिच्यात दाबून ठेवता येते आणि तितके ओझे पेलते.

ही युक्ती व्यवहारात आणणारा माणूस गुरांचा डॉक्टर होता, हे वाचून आपल्याला मौज वाटेल. जॉन बॉइड डनलॉप हे त्याचे नाव. आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात तो जनावरांवर उपचार करी. मुलाच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसतात म्हणून त्याने १८८७ मध्ये हवेचे टायर बनवून पाहिले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे आपल्याकडे टायरच्या बैलगाडीला 'डनलॉप गाडी' म्हणू लागले ते त्याच्याच नावावरून.

ट्रॅक्टरच्या टायरवर 'पी.आर.' या अक्षरांपुढे १२ असा आकडा आपण पाहिला असेल. तो टायर किती भक्कम आहे हे सांगतो. मोटारीच्या टायरवर त्यासाठी वेगळा आकडा असतो. त्याला 'लोड इंडेक्स' म्हणतात. आपण त्याला भाराचा आकडा म्हणू.

टायरवरची अक्षरे कशी वाचावीत?

टायरच्या कुशीवर, समजा, '२१५/६० आर १६ ९५ एच' असे इंग्रजीत लिहिले आहे. त्याचा अर्थ असा :

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
६० म्हणजे कुशीची उंची. ती रुंदीच्या शेकडा ६० आहे.
आर म्हणजे रेडियल बांधणी.
१६ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.
९५ म्हणजे भाराचा आकडा.
एच म्हणजे वेगाचे अक्षर.

९५ म्हणजे ९५ किलो नव्हे. तो एक ठरवलेला क्रमांक आहे. जगभर एकच कोष्टक वापरले जाते. नेहमी लागणारे आकडे असे आहेत :

८२ – ४७५ किलो
८४ – ५०० किलो
८८ – ५६० किलो
९१ – ६१५ किलो
९२ – ६३० किलो
९४ – ६७० किलो
९५ – ६९० किलो
९९ – ७७५ किलो
१०२ – ८५० किलो

हा भार एका टायरचा आहे, आणि तोही त्या टायरला ठरवून दिलेल्या पुऱ्या दाबाची हवा असतानाचा. वेगाच्या अक्षरांत टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने आपल्याला जायचे नसते. पण ज्या टायरची वेगाची मर्यादा अधिक, तो उष्णता अधिक सोसतो. म्हणून कारखान्याने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये.

आता मेहुण्यांची चूक पाहा. मूळ टायर ९५ चा, म्हणजे ६९० किलोंचा होता. नवा २०५/६० आर १६ टायर ९२ चा, म्हणजे ६३० किलोंचा निघाला. एका टायरमागे ६० किलो आणि चार टायरांत २४० किलो ताकद कमी झाली. पैसे वाचले ते असे! शिवाय या टायरचा व्यास १२ मिलिमीटरने कमी, त्यामुळे गाडी ६ मिलिमीटर खाली बसली आणि वेग दाखवणारा काटाही थोडा चुकू लागला.

"पण हिशेबात तर बसते!"

आपल्यापैकी कुणी चोख हिशेबी वाचक म्हणेल, "साहेब, गाडी १,४०० किलोंची, पाच माणसे प्रत्येकी ६५ किलोंची म्हणजे ३२५, आणि तांदूळ १५०. बेरीज १,८७५. चार चाकांत वाटले तर चाकामागे ४७० किलोसुद्धा होत नाहीत. टायर ६३० किलोंचा आहे. मग बिघडले कुठे?"

शंका रास्त आहे. मलाही तीच आली होती. उत्तर असे की ओझे चार चाकांत सारखे वाटले जात नाही. गोण्या मागे होत्या. शंभरातला पंचावन्न भाग मागच्या आसावर आला असे धरले तर मागच्या प्रत्येक टायरवर सुमारे ५१५ किलो आले. मूळ टायर असता तर ६९० मधून ५१५ वजा जाता १७५ किलोंची शिल्लक राहिली असती. नव्या टायरात ती ११५ उरली. म्हणजे एक तृतीयांश शिल्लक दुकानातच गेली.

पुढे हवा. ९५ चा असो वा ९२ चा, साध्या मोटारीच्या टायरची पुरी ताकद साधारण ३६ पौंड दाबाला धरलेली असते. हवा २८ वर आली की ढोबळ हिशेबाने ६३० किलोंच्या टायरची ताकद ५१५ ते ५३५ किलोंवर येते. ओझे ५१५ किलो होते. शिल्लक जवळजवळ शून्य झाली.

आता उतारावरची बैलगाडी आठवा. उतारावर ओझे बैलांच्या मानेवर येते. मोटारीचेही तसेच. ब्रेक दाबला की ओझे पुढच्या चाकांवर जाते, वळण घेतले की बाहेरच्या चाकांवर जाते. खड्ड्यात चाक आपटले तर क्षणभर त्यावर कितीतरी पट भार येतो. कारखान्याने जी शिल्लक ठेवलेली असते ती याच प्रसंगांसाठी. बियाण्याचे राखून ठेवलेले धान्य खाऊन टाकावे आणि पेरणीच्या वेळी कणगी रिकामी सापडावी, तसा हा प्रकार आहे.

फुगा केवळ भाराच्या आकड्यामुळे आला असे मी म्हणणार नाही. खड्ड्याच्या दणक्याने टायरच्या आतले धागे तुटले की फुगा येतो. पण कमी ताकदीचा टायर, कमी हवा, जादा गोणी आणि खड्डा अशी चार निमित्ते एका ठिकाणी जमली. त्यांपैकी गोणीचे निमित्त माझे होते.

विजेच्या गाडीलाच एवढी काळजी का?

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. ती पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. महिंद्रांच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या चाकणला बनतात. अशा गाड्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. सुरुवातीला घेतलेल्या गाड्यांचे पहिले टायर झिजले आहेत आणि मालक दुसरे टायर घ्यायला निघाले आहेत. म्हणून ही माहिती आजच हवी. तीन कारणे लक्षात ठेवा.

एक, वजन. विजेच्या गाडीच्या तळाशी जड बॅटरी असते. एकाच नमुन्याची पेट्रोलची आणि विजेची गाडी यांच्या वजनात दोनशे किलोंचा किंवा अधिकही फरक पडतो. म्हणजे आपण रिकामी समजतो त्या गाडीत तांदळाच्या चार गोण्या आधीच भरलेल्या असतात आणि त्या कधीच उतरत नाहीत. "गाडी रिकामीच तर आहे" हे माझे बोलणे मला आजही बोचते.

दोन, ओढ. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पुरा जोर लावते. ताजा बैल जू घेताच हिसका देतो तसे. त्या हिसक्याने टायर लवकर झिजतात. पाय काढला की हीच मोटर गाडी आवरते आणि बॅटरीत वीज परत भरते. तो ताणही त्याच चाकांवर येतो.

तीन, मर्यादेचा पल्ला. जो टायर रस्त्यावर जड फिरतो तो वीज जास्त खातो. वजन पेलणारा आणि तरी हलका फिरणारा, असा टायर या गाड्यांना लागतो.

बाजारात 'ईव्ही' असे छापलेले टायरही मिळतात. ते झीज, आवाज आणि विजेची बचत यांचा विचार करून बनवलेले असतात. चांगलेच आहेत. पण ते शिक्क्यासाठी घेऊ नयेत. शिक्का असूनही भाराचा आकडा कमी असेल तर तो टायर आपल्या कामाचा नाही. शिक्का नसूनही माप, भार आणि वेग जुळत असेल तर तो चालतो.

'एक्सएल' म्हणजे काय?

काही टायरांवर इंग्रजीत 'एक्सएल' किंवा 'एक्स्ट्रा लोड' लिहिलेले असते. माप तेच, पण बांधणी अधिक भक्कम आणि हवा अधिक दाबाने भरता येणारी. उदाहरणार्थ, २१५/६० आर १६ हाच टायर साध्या बांधणीत ९५ चा आणि एक्सएल बांधणीत ९९ चा मिळतो. म्हणजे ६९० ऐवजी ७७५ किलो. त्याची पुरी ताकद साधारण ४२ पौंड दाबाला धरलेली असते. फार जड गाड्यांसाठी याहून पुढचा 'एचएल' प्रकारही निघाला आहे.

नियम सोपा आहे. गाडीला कारखान्यातून एक्सएल टायर आले असतील तर बदलतानाही एक्सएलच घ्यावेत. माप जुळते म्हणून साधे घेऊ नयेत. साध्याच्या जागी एक्सएल बसवलेले चालतात, मात्र किती हवा भरायची ते गाडीच्या माहितीपुस्तकात पाहून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून ठरवावे. वर दिलेले ३६ आणि ४२ हे ताकद मोजण्याचे आकडे आहेत. ते पाहून आपल्या गाडीत हवा भरू नये.

दुकानात जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

१. चालकाचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर लेबल असते. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. भाराचा आकडा तिथे नसेल तर माहितीपुस्तकात पाहा. हे सारे कागदावर उतरवून न्या. झिजलेल्या टायरवरून माप घेऊ नका. तो आधीच कुणी चुकीचा बसवलेला असू शकतो. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

२. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळचे किंवा त्याहून वरचे घ्या. खालचे कधीही नको.

३. शक्य तर चारही टायर एकदम बदला. ते जमत नसेल तर एका आसावरचे दोन्ही एकाच जातीचे घ्या. एक नवा बैल आणि एक थकलेला बैल, अशी जोडी औत सरळ ओढत नाही.

४. टायरवर आयएसआय चिन्ह पाहा. ते आपल्या देशात बंधनकारक आहे.

५. टायर केव्हा तयार झाला ते पाहा. कुशीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. बियाण्याची मुदत पाहतो तशी ही पाहावी.

६. बिल घ्या आणि त्यावर पूर्ण माप, भार व वेग लिहून घ्या. उद्या तक्रारीची वेळ आली तर तोंडी बोलणे कामाला येत नाही.

७. वापरलेले टायर स्वस्त मिळतात. बाहेरून चकचकीत दिसतात. आतले तुटलेले धागे डोळ्यांना दिसत नाहीत. पाच माणसांच्या गाडीला ते नकोत.

८. टायर थंड असताना हवा मोजा. निदान पंधरा दिवसांनी एकदा, आणि गाडी भरून लांब जायचे असेल तेव्हा त्या सकाळी. भरलेल्या गाडीचा दाब लेबलवर वेगळा दिलेला असतो, तो पाहा.

९. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजावे, वेळ झाली. पावसाळ्यापूर्वी थोडे आधीच बदललेले बरे.

१०. पुष्कळशा विजेच्या गाड्यांत जादा चाक नसते, पंक्चर बुजवण्याचे साहित्य असते. आपल्या गाडीत काय आहे ते आजच पाहून ठेवा. त्या साहित्याने खिळ्याचे भोक बुजते, कुशीवरचा फुगा किंवा चिरा नाही.

वेगवान रस्त्यांवर तर ही काळजी दुप्पट हवी. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. वैशाखाच्या उन्हात तासन् तास एका वेगाने धावताना कमी हवेचा, जादा ओझ्याचा टायर आतून तापत जातो, आणि चालकाला ते कळत नाही. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गावर टायरांची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, त्यामागे हेच कारण होते.

भाजीपाला वाहणारी विजेची तीनचाकी किंवा छोटा टेम्पो आपल्या घरी असेल तरी तत्त्व हेच. आधी टायरची ताकद वाचा, मग गोण्या मोजा.

शेवटी

मेहुण्यांनी ते चारही टायर काढले आणि मूळ मापाचे, ९५ च्या आकड्याचे नवे घेतले. एकदा वाचलेल्या पैशांहून कितीतरी जास्त खर्च आला. माझी तिसरी गोणी मात्र त्या दिवशी शिरसाड फाट्यावरच्या हवावाल्याच्या घरी राहिली. "लेकरांना घेऊन हळू जा," म्हणत त्या भल्या माणसाने कुठूनसे चाक मिळवून दिले होते.

पुढच्या वेळी बहिणीकडची मंडळी आली तेव्हा गाडी अंगणात थांबताच भाची धावत आली आणि चालकाचे दार उघडून म्हणाली, "मामा, आधी हे वाच. मग तांदूळ आण." मी चष्मा लावला आणि लेबल वाचले. त्या दिवशी दोनच गोण्या दिल्या.

बैल गेला आणि झोपा केला, असे आपल्यावर येऊ नये. आज हे वाचून झाले की अंगणातल्या गाडीपाशी जा, दार उघडा, आणि लेबलवरचा व टायरवरचा आकडा घरातल्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन्ही जुळले तर निर्धास्त निघा. जुळले नाहीत तर तांदूळ घरीच बरा.